फुगणारं लाइफ जॅकेट की फोमचं? गोळी, गॅस आणि पट्ट्यांसकट परीक्षण

निकाल आधीच देऊन टाकू. हौसेसाठी इंजिनाच्या किंवा शिडाच्या बोटीवर जाणाऱ्या, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसासाठी १५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), पाण्याच्या दाबावर आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट हा आज मिळणारा सगळ्यांत चांगला पर्याय आहे. अट एकच. वर्षातून एकदा ते उघडून, तपासून, पुन्हा नीट घडी घालायची तयारी हवी. ती नसेल तर मुकाट्यानं फोमचं घ्या. देखभाल न केलेलं फुगणारं जॅकेट म्हणजे गळ्यात अडकवलेली नायलॉनची रिकामी पिशवी.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीत २०२३ साली हौशी नौकाविहारातले ५६४ मृत्यू नोंदले आहेत. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी पाऊण हिस्सा माणसं बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बाकाखाली नीट रचून ठेवलेली जॅकेटं मोजणीच्या वेळी भरतात, माणूस पडतो तेव्हा नाही. पडायला एक क्षण पुरतो. आणि पाण्यात पडल्यावर कुणी जॅकेट फेकलंच, तर ते लाटेत घालून बघा: फोम वर उसळतो, पट्टे गुंततात, बकल लावायला दोन्ही हात लागतात आणि तेच हात तरंगत राहायलाही लागतात. म्हणून जॅकेट निवडताना पहिला प्रश्न हा, की दिवसभर, उन्हात, घाम येत असताना माणूस ते अंगात ठेवील का? इथे फुगणारं जॅकेट जिंकतं. न फुगलेलं असताना ते गळ्यापासून पोटापर्यंत उतरणाऱ्या दोन रुंद पट्ट्यांएवढंच असतं. हात मोकळे, काख मोकळी, वारा लागतो.

आता न्यूटनचं कोडं. लेबलवर ५०, १००, १५०, २७५ असे आकडे असतात. आयएसओ १२४०२ या मानकातल्या या पायऱ्या आहेत. अमेरिकेत ७० हीसुद्धा एक पातळी आहे. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा आधार. माणसाचं शरीर पाण्यात तसं जवळपास तरंगतंच. डोकं वर ठेवायला बहुतेकांना ३ ते ५ किलोचा आधार पुरतो. मग १५० कशाला? कारण शुद्धीवर असलेल्या माणसाला आधार देणं सोपं असतं. शुद्ध हरपून उपडा पडलेला माणूस उताणा करायला आणि लाटेत त्याचं तोंड पाण्याच्या वर ठेवायला जोर लागतो. ५० न्यूटनचं जॅकेट हे काम करत नाही, तसा त्याचा दावाही नसतो. ते पोहणाऱ्यासाठी, मदत हाताशी असलेल्या ठिकाणासाठी आहे. १०० न्यूटन शांत पाण्यात चालतं. २७५ हे जाड, पाणी न शिरणारे कपडे आणि अवजारं अंगावर वागवणाऱ्यांसाठी. अशा कपड्यांत अडकलेली हवा माणसाला उताणा होऊ देत नाही, तिच्यावर मात करायला जास्तीचा जोर हवा. हौशी माणसानं २७५ चं घेतलं तर फुगल्यावर त्याला धड बाजूलाही बघता येत नाही, पोहणं तर दूरच.

अंगानं मोठ्या माणसाला जास्त न्यूटन लागतात हा गैरसमज आहे. चरबी तरंगते. उलट सडपातळ, कमावलेल्या शरीराचा माणूस लवकर खाली जातो. अंगकाठीप्रमाणे बदलायचं ते छातीचं माप.

फोमच्या जॅकेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. पाण्यात पडलं की तरंगतं. तरी ते अमर नाही. त्यावर बसू नका. दबून राहिलेला फोम पातळ होतो आणि तेवढी तरंगण्याची ताकद जाते. अंगठ्यानं दाबून सोडा, खड्डा लगेच भरला नाही तर फोम म्हातारा झालाय. उन्हानं कापडाचा रंग उडाला असेल तर शिवणीजवळ नखानं खरवडा. धागे सुटले किंवा कापड चुरचुरीत लागलं तर ते जॅकेट शेताच्या बुजगावण्याला द्या. अंगात घालून, पट्टे लावून, खांद्यांकडून जॅकेट वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते तुम्हाला सोडून वर जाईल.

फुगणाऱ्या जॅकेटचं पोट उघडलं की चार गोष्टी दिसतात: हवा न सोडणाऱ्या कापडाची फुगी, कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी, ती फोडणारा ट्रिगर आणि तोंडानं फुगवायची नळी. सगळा खेळ ट्रिगरचा आहे, आणि पैसे कुठे घालायचे हेही तिथेच ठरतं.

सगळ्यांत साधा ट्रिगर हातानं ओढायचा. दोरी ओढली, पिन आत गेली, नळकांडीचं तोंड फुटलं. स्वस्त, टिकाऊ, पावसात कधी चुकून फुगणार नाही. पण तो शुद्धीवर असलेल्या, घाबरून न गेलेल्या हातावर अवलंबून आहे. डोक्याला बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, लागून पडलेला माणूस दोरी ओढत नाही. पंधरा अंशांखालच्या पाण्यात पडलेल्याचा पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात नसतो. त्यानंतर साधारण दहा मिनिटांत बोटं कामातून जातात. थंड पाण्याचा हा '१-१०-१' हिशेब कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी रूढ केला: एक मिनिट श्वास सावरायला, दहा मिनिटं हातपाय चालेपर्यंत, एक तास शुद्ध हरपायला. दारू प्यायलेल्याचं तर विचारूच नका. जीवघेण्या नौका-अपघातांच्या माहीत असलेल्या कारणांत अमेरिकी तटरक्षक दल वर्षानुवर्षं दारूचं नाव सगळ्यांत वर लिहितं. नुसत्या हाताच्या ट्रिगरवर पैसे वाचवणं आम्हाला पटत नाही.

दुसरा प्रकार विरघळणाऱ्या गोळीचा. दाबून बनवलेली छोटी गोळी किंवा कागदाचा तुकडा ताणलेल्या स्प्रिंगला अडवून धरतो. पाणी लागलं की तो विरघळतो, स्प्रिंग सुटते, पिन नळकांडीत घुसते. काही सेकंदांत जॅकेट फुगतं. काम चोख. दोष असा की गोळीला पाणी आणि पाणी यातला फरक कळत नाही. ओलसर खणात बंद करून ठेवलेलं जॅकेट दमट हवेनं हळूहळू गोळी खाऊन टाकतं आणि एके रात्री फट्ट आवाज होतो. पुढच्या डेकवर लाटांचे सपकारे झेलत बसलेल्याचंही तेच. उलटी चूकही होते: जुनी गोळी कडक होऊन उशिरा विरघळते. म्हणून तिच्यावर तारीख छापलेली असते. तीन वर्षं ही वरची मर्यादा समजा, दमट जागी दरवर्षी बदललेली बरी. गोळी स्वस्त असते, इथे कंजुषी करू नये.

तिसरा प्रकार पाण्याच्या दाबावर उघडणारा, बहुतेकांना हॅमर या नावानं माहीत असलेला. त्यात पाणी आत जाण्याची वाट एका झडपेनं बंद असते. ट्रिगर सुमारे १० सेंटीमीटर पाण्याखाली गेला की दाबानं झडप उघडते, मगच आतला भाग भिजतो आणि पिन सुटते. पाऊस, सपकारे, दमट खण, यांतलं काहीही त्याला फसवत नाही. नळकांडी फुगीच्या आत बसते, त्यामुळे गंजही कमी. पूर्ण संच पाच वर्षांनी बदलायचा असतो, तारीख पुढच्या गोल झाकणावरच वाचता येते. तोटे दोन. बदलायचा संच गोळीच्या मानानं बराच महाग, आणि तो छोट्या गावात सहज मिळत नाही. शिवाय नळकांडी आत असल्यामुळे ती घट्ट आहे का, हे कापडावरून चाचपून बघावं लागतं. तरीही शिडाची बोट असो की उघडी वेगवान बोट, गुण याच ट्रिगरला जास्त.

नळकांडीच्या ग्रॅमचा हिशेब मात्र समजून घ्याच, कारण चूक इथेच होते. १५० न्यूटनच्या जॅकेटात साधारण ३३ ग्रॅम वायू असतो. सुटल्यावर त्याचे १७-१८ लिटर होतात, म्हणजे तेवढंच पाणी बाजूला सरतं आणि साधारण तेवढ्याच किलोंचा आधार मिळतो. लेबलवरच्या १५ किलोंच्या वर थोडी शिल्लक राहते. थंडीत वायू आकसतो आणि फुगण्याचा वेगही मंदावतो, ती शिल्लक त्यासाठीच. आता त्याच आट्यात २४ ग्रॅमची नळकांडी बसवली, तर जेमतेम १३ लिटर होतात. जॅकेट फुगलेलं दिसेल, पण पिचकं, आणि शुद्ध हरपलेल्याला उलटवेलच याची खात्री नाही. दोन्ही नळकांड्या दिसायला सख्ख्या बहिणी. २७५ साठी साधारण ६० ग्रॅम लागतात. जॅकेटच्या आत छापलेला आकडा आणि नळकांडीवरचा आकडा जुळलाच पाहिजे.

वार्षिक तपासणीला तासभर पुरतो, पण क्रम चुकवू नका. आधी जॅकेट उघडून नळकांडी सोडवा. तिचं तोंड बघा. मध्यभागी भोक असेल तर ती आधीच फुटलेली आहे. नसेल तर स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. अंगावर कोरलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरली की फेकायची. गंज पुसून टाकण्यासारखा असेल तर ठीक. खडबडीत गंज फुगीवर घासून तिला भोक पाडतो, तेव्हा अशी नळकांडी भरलेली असली तरी नको.

मग तोंडाच्या नळीतून हवा भरा. हातपंप असेल तर उत्तम, तोंडच्या हवेत ओलावा जातो. फुगी टणक झाली की एक दिवस तशीच टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी पिचकी झाली असेल तर साबणाच्या पाण्यानं गळती शोधायची. बहुतेकदा ती नळीच्या झडपेत किंवा ट्रिगरच्या बैठकीत सापडते. झडपेतली वाळू धुऊन निघते, पण शिवणीतून किंवा कापडातून गळत असेल तर चिकटपट्टीचा प्रयोग करू नका, जॅकेट बाद. ही चाचणी नळकांडीच्या वायूनं करण्यात अर्थ नाही. कार्बन डायऑक्साइड कापडातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे चांगलं जॅकेटही गळकं वाटतं. आणि तोंडानं पूर्ण फुगवलेल्या जॅकेटवर ट्रिगर ओढून बघायची हौस नको, दुप्पट दाबानं शिवण उसवते.

हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडपेवर दाबतात. दोन्ही हातांनी फुगी पिळून शेवटची हवा काढा, नाहीतर घडी बसत नाही. नवीन गोळी बसवा, स्प्रिंग ताणून ट्रिगर तयार असल्याची हिरवी खूण दिसते का बघा, आणि नळकांडी सगळ्यांत शेवटी, हातानं घट्ट होईल इतकीच फिरवा. पक्कड लावू नये. क्रम उलटा केला, आधी नळकांडी आणि मग गोळी, तर स्प्रिंग निसटून जॅकेट मांडीवरच फुगतं. बोटीच्या थरथरीनं आटे सैल होतात, म्हणून प्रत्येक फेरीआधी नळकांडी एकदा पिळून बघायची सवय ठेवा. सैल नळकांडी पिनेपर्यंत पोचत नाही. बाहेरून हिरवी खूण दिसते, आत काही घडत नाही.

घडी कंपनीच्या चित्राप्रमाणेच घाला. आवरण जिथे फुटून उघडायचं ती जागा ठरलेली असते, चेनचा सरक त्याच ठिकाणी आणून ठेवावा लागतो. हाताची दोरी बाहेर लोंबती ठेवायला लोक विसरतात, ती आत गुंडाळली गेली की पाण्यात शोधणार कोण? खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यानं धुवा, पण त्याआधी गोळी आणि नळकांडी काढायला विसरू नका. सावलीत, रुंद हँगरवर वाळवा.

जांघेतल्या पट्ट्याला मात्र पूर्ण परिच्छेद द्यायला हवा. तो नसेल तर बाकी सगळ्याचा उपयोग निम्म्यावर येतो. जॅकेट फुगलं की वर जायला बघतं, माणूस खाली. पट्टा नसेल तर जॅकेट कानांभोवती चढतं, हनुवटी पाण्यात जाते आणि १५० न्यूटन डोक्याच्या वर तरंगत बसतात. बरीच जॅकेटं पट्ट्याशिवाय विकली जातात, तो वेगळा घ्यावा लागतो. सरळ घ्या. एकेरी पट्टा चालतो, पण दोन मांड्यांचे दोन असतील तर ओढून वर काढताना जास्त सुसह्य, एवढं सांगून थांबतो. कमरेचा पट्टा इतका आवळा की आत मूठ जेमतेम शिरेल. आणि जॅकेट नेहमी सगळ्या कपड्यांच्या वर. रेनकोटच्या आत फुगलेलं जॅकेट कापड फाडत नाही, छाती दाबतं.

शिडाच्या बोटीवर दोरीनं स्वतःला बांधून घेणाऱ्यांनी जॅकेटच्या छातीवरची धातूची कडी हार्नेससाठीच, म्हणजे अशी दोरी अडकवण्यासाठीच, आहे का, हे पाहून घ्यावं. काही जॅकेटांवर मागे किंवा पुढे कापडी फास असतो, तो माणसाला पाण्यातून वर उचलायला. त्याला दोरी अडकवली तर झटक्यात तुटेल.

फुगणारं जॅकेट कुठे घालू नये, हे विकणारा सहसा सांगत नाही. जेट-स्की, बोटीमागे ओढली जाणारी स्की किंवा ट्यूब, खळाळत्या नदीतला राफ्ट, जिथे पाण्यात पडणं हा खेळाचाच भाग आहे अशा कुठल्याही ठिकाणी फोमचंच हवं. वेगानं पाण्यावर आपटताना अंगावर आधीपासून असलेला फोम छातीलाही वाचवतो, आणि दर वेळी नळकांडी बदलत बसावं लागत नाही. अमेरिकेत बरीच वर्षं १६ वर्षांखालच्यांसाठी फुगणाऱ्या जॅकेटांना मान्यताच नव्हती. पोहता न येणाऱ्यालाही आम्ही फोमचंच देऊ. बंद केबिनची बोट उलटली तर फुगलेलं जॅकेट माणसाला पालथ्या बोटीच्या तळाशी, म्हणजे आता छत झालेल्या भागाला, चिकटवून ठेवतं. बुडी मारून बाहेर पडता येत नाही. अशा वेळी तोंडाच्या नळीच्या झडपेत बोट खुपसून हवा सोडायची. ती नळी कुठल्या खांद्यावर आहे हे डोळे मिटून सापडायला हवं. म्हणून केबिनमध्ये बसताना आपोआप फुगणारं जॅकेट काढून हाताशी ठेवावं.

मुलांचं जॅकेट फोमचं, मानेमागे कॉलर, उचलायला वर मजबूत पट्टी आणि जांघेतला पट्टा असलेलं. ते मुलाच्या आजच्या वजनाचं हवं. पुढच्या वर्षी बसेल म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट मुलाला आतून खाली सोडून देतं. उथळ पाण्यात मुलाला घालून एकदा मागे रेलायला लावा. हनुवटी वर राहिली की माप बरोबर.

वरच्या जोडसामानात शिट्टी आणि परावर्तक पट्टी बहुतेक जॅकेटांवर असतेच. दिवा असला पाहिजे, पाण्यात पडल्यावर आपोआप लागणारा आणि आठ तास चालणारा. त्याच्या बॅटरीला मुदत असते, ती तारीख कुणीही वाचत नाही. किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्यांनी ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन जॅकेटलाच अडकवावा. तो निदान २४ तास उपग्रहाला संदेश देत राहतो. तोंडावर ओढायचा पारदर्शक बुरखा खवळलेल्या पाण्यात फार कामाचा. शिंतोडे नाकातोंडात जाऊन गुदमरणं जॅकेट घातलेल्यालाही चुकत नाही.

एक गोष्ट जॅकेटच्या दुकानातच मिळते आणि जॅकेटइतकीच महत्त्वाची आहे: इंजिन बंद करणारी लाल दोरी. चालवणारा फेकला गेला की इंजिन थांबलं पाहिजे. नाहीतर मोकळी सुटलेली बोट पंख्याच्या ओढीनं एका बाजूला वळत गोल फिरते आणि पाण्यातल्या माणसाकडेच परत येते. फुगलेलं जॅकेट घातलेल्याला बुडी मारून चुकवताही येत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, ३ अश्वशक्ती किंवा जास्तीच्या इंजिनाच्या बोटी वेगात चालवताना ही जोडणी वापरणं सक्तीचं आहे. दोरी मांडीभोवती गुंडाळून अडकवा. रोज निघण्याआधी इंजिन चालू असताना एकदा ओढून बघा. अतिनील किरणांनी कडक झालेली दोरी हुकापाशी तुटते, जादा एक बोटीवर असू द्या. ती माणूस पडल्यावर इंजिन पुन्हा चालू करून त्याला आणायला जायलाही लागते.

खरेदीच्या वेळी बदलायचा संचही एक सोबत घ्या. चुकून फुगलेलं जॅकेट संच नसेल तर उरलेली सुट्टी खुंटीवर काढतं. विमानानं जायचं असेल तर नळकांडीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते, तेव्हा तिकडे पोचून घेणं सोपं जाईल का तेही बघा. आणि संचाच्या पाकिटावर जॅकेटचं मॉडेल, ग्रॅम आणि ट्रिगरचा प्रकार असे तिन्ही जुळताहेत ना, हे गल्ल्यापाशी उभं असतानाच वाचून घ्या.